पाळीचा सिरका, बरडीचा सिरका

माझ्या सासरी जांभळाचा सिरका करत. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात लग्न होऊन मी त्या घरी आले, तोवर सिरका ही काय वस्तू आहे हे मला माहीत नव्हतं. माझं माहेर आसगावकडचं. तिकडे आम्ही जांभळं मीठ लावून खायचो, जीभ जांभळी करून घ्यायचो, संपलं. त्यांचा रस काढून, तो आंबवून, वर्षं-दोन वर्षं सांभाळून ठेवायचा आणि मग पोट दुखलं की पाण्यात चमचाभर घालून प्यायचा, हे मला आधी खटाटोपाचं वाटलं.

सासरचं गाव मोहाडीपासून बैलगाडीने तासाभरावर. घरची शेती धानाची. घराच्या मागे बोडी होती, म्हणजे धानाला पाणी देण्यापुरता लहानसा तलाव, आणि तिच्या पाळीवर, म्हणजे भोवतालच्या मातीच्या बांधावर, जांभळाची अकरा झाडं. आणखी सात झाडं गावाच्या वरच्या अंगाला बरडीवर होती. बरडी म्हणजे लाल मुरमाची, खडकाळ जागा. तिथे धान सोडाच, गवतही धड उगवत नसे. ही अठराही झाडं माझ्या आजेसासऱ्यांनी एकाच जुन्या झाडाच्या बिया टाकून वाढवली होती. बी एक, पण फळ एक नव्हतं. पाळीवरचं जांभूळ अंगठ्याएवढं, टपोरं, हातात घेतलं की फुटेल असं. बरडीवरचं बोराएवढं, गर कमी, बी मोठी, आणि खाल्लं की तोंड आवळून यायचं.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणत असे. उंच, सावळे, कमी बोलणारे. गावात त्यांना सिरकेवाले म्हणत. त्यांच्यासमोर मी डोक्यावरचा पदर पुढे ओढून, दाराआड उभी राहून बोलायची, आणि तेही थेट नाही. मला काही सांगायचं असलं की मी सासूबाईंना सांगायची, आणि सासूबाई, सगळं ऐकू गेलेलं असूनही, ते पुन्हा मामाजींना सांगायच्या. उत्तरही त्याच वाटेने परत यायचं.

पहिल्या हंगामात आम्ही सासू-सुना आठ दिवस जांभळं कुस्करत होतो. लाकडी परातीत हाताने चुरायची, बिया फोडायच्या नाहीत, जुन्या धोतराच्या फडक्यातून रस गाळायचा आणि चिनी मातीच्या बरण्यांत भरायचा. पाळीच्या बरण्या वेगळ्या, बरडीच्या वेगळ्या. मी दहावीपर्यंत शिकलेली, म्हणून चिठ्ठ्या लिहून बरण्यांच्या गळ्यात बांधायचं काम माझ्याकडे आलं. दोन-तीन दिवसांत रस फसफसायला लागायचा. तेव्हा त्याचा वास रस्त्यापर्यंत जायचा आणि जाणारे-येणारे मुद्दाम थांबून मामाजींना विचारायचे, कधी बोलावता म्हणून. मामाजी हसायचे. तो रस तेव्हा दारूच असतो, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण ते त्याला त्या टप्प्यावर थांबू देत नसत. जुन्या सिरक्याचं विरजण लावून, तोंडाला फडकं बांधून बरण्या उन्हा-सावलीत ठेवत. दोन-तीन महिन्यांत वर पातळ साय धरायची आणि खाली सिरका तयार व्हायचा.

तयार झाल्यावर मामाजी दोन पितळी वाट्यांत चमचा-चमचा काढून चाखायचे. वाटी नाकाखाली धरून डोळे मिटायचे, मग जिभेवर घ्यायचे. त्या वर्षी त्यांनी त्या दोन वाट्या सासूबाईंच्या हाती माझ्याकडे पाठवल्या. कोणती कुठली ते सांगितलं नाही. फरक काय वाटतो तेवढं विचारलं. मी चाखलं आणि सासूबाईंना म्हणाले, एक घशातून सरळ खाली उतरतो, दुसरा दाताला धरून राहतो. सासूबाईंनी तसंच सांगितलं. मामाजी बाहेरूनच म्हणाले, "तिले म्हणा, बरोबर आहे. दाताले धरते तो बरडीचा." त्या घरात माझी कुणीतरी दखल घेतल्याचं मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

लाकडी पिंप आमच्याकडे दुसऱ्या वर्षी आलं. मामाजींचा एक चुलतभाऊ चिखल्याच्या मॅंगनीज खाणीवर कारकून होता. खाणीवरच्या जुन्या बंगल्यातलं भंगार काढलं तेव्हा त्यात हे पिंप निघालं. कधीकाळी साहेबलोकांची दारू त्यात आली होती म्हणे, पुढे माळी त्यात बागेचं पाणी भरत असे. कारकून काकांनी ते मॅंगनीजच्या ट्रकवर टाकून मोहाडीपर्यंत आणलं आणि तिथून आमच्या गाडीने ते घरी आलं. त्यांनी सांगितलं की लाकूड ओकचं आहे, आपल्या रानात हे झाड नाही. पिंपाच्या फळ्या वाळून फटी पडल्या होत्या. गावच्या सुताराने लोखंडी पट्टे ठोकून बसवले आणि पिंप आठ दिवस बोडीत बुडवून ठेवायला सांगितलं. लाकूड फुगलं, फटी बुजल्या. पण एका बाजूचं झाकण काढून पाहिलं तर आतून सगळं कोळशासारखं काळं होतं. कुणीतरी मुद्दाम जाळल्यासारखं. सुतार म्हणाला, रंधा मारून साफ करून देतो. मामाजी पिंपात डोकं घालून बराच वेळ वास घेत राहिले आणि म्हणाले, राहू दे, यात काहीतरी चांगलं आहे.

त्यांचं खरं निघालं. पिंपात वर्षभर राहिलेला बरडीचा सिरका आम्ही सगळ्यांनी चाखला. तो दाताला धरत होता, पण आता आवळत नव्हता. मागून गुळाच्या ढेपेसारखा, किंचित धुरकट वास यायचा. मामाजींना इतका आनंद झाला की त्यांनी सुताराकडून आपल्या रानातल्या बिजा या झाडाच्या लाकडाचं एक लहान पिंप करून घेतलं. त्यातला सिरका मात्र कडू झाला, औषधासारखा. भंडाऱ्याचे एक वैद्य आमच्याकडून दरवर्षी सिरका नेत. त्यांनी तो सगळा साखरेच्या रोग्यांसाठी नेला, म्हणून वाया गेला नाही.

पाच-सहा वर्षं अशी गेली. या काळात मला दोन मुली झाल्या, पदर थोडा मागे सरकला, सासूबाईंच्या मार्फत बोलणं कमी होत गेलं.

मग एका हंगामात मामाजी झाडावरून पडले. जांभळाची फांदी ठिसूळ असते, हे सगळ्या गावाला माहीत, त्यांना तर सगळ्यांत जास्त. तरी साठीचा माणूस पाळीवरच्या झाडावर चढला, कारण गड्याने हलवून पाडलेली फळं मातीत फुटतात आणि रसाला चिखलाचा वास लागतो. फांदी मोडली, ते मागच्या मागे पाळीच्या उतारावर आपटले. डोक्याची मागची बाजू दगडावर लागली. शुद्ध हरपली. माझ्या नवऱ्याने त्यांना गाडीत घालून मोहाडीला आणि तिथून भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. तीन आठवड्यांनी ते घरी आले. चालणं, बोलणं, आठवण, सगळं ठीक होतं. सासूबाईंनी नारळ फोडला.

त्या वर्षीचा रस मी आणि सासूबाईंनीच काढला होता. मामाजी पूर्ण हिंडूफिरू लागेपर्यंत दोन-तीन महिने गेले आणि बरण्या तयार झाल्या. त्यांनी वाट्या मागितल्या. मी एकेक बरणी उघडून चमचाभर काढून देऊ लागले. पाळीच्या तिसऱ्या बरणीचं फडकं सोडलं आणि मला उमासा आला. कितीतरी दिवस न वाळलेल्या गोणपाटाचा असतो तसा कुबट वास होता. बरणी बिघडली होती. मी काही बोलणार एवढ्यात मामाजींनी वाटी हातातून घेतली, नाकाखाली धरली, डोळे मिटले, चाखलं. आणि म्हणाले, "चांगला आहे. उद्या हाही पिंपात टाकू."

मला वाटलं, त्यांचं लक्ष नसेल. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नेहमीसारखा शांत होता.

ती बरणी पिंपात गेली असती तर पिंपातलं सगळं नासलं असतं, आणि लाकडात शिरलेला तो वास पुन्हा निघाला नसता. कुणाला सांगावं कळेना. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणतील, सून सासऱ्याची चूक काढते. नवऱ्याला सिरक्यातलं काही कळत नसे, त्याचं सगळं चित्त धानात. शेवटी दुसऱ्या दिवशी मामाजी धानाच्या बांधीकडे गेल्यावर मी ती बरणी उचलून खताच्या खड्ड्यात रिकामी केली आणि राखेने घासून उन्हात पालथी घातली.

ते दुपारी परतले, पालथी बरणी पाहिली. मी अंगणात तांदूळ पाखडत होते. त्यांनी थेट मलाच विचारलं.

"काहून फेकलं?"

खोटं बोलावंसं वाटलं. फुटली म्हणावं तर बरणी समोर धड होती.

"मामाजी, ते खराब झालं होतं. वास येत होता."

ते उभेच राहिले. मग ओसरीच्या पायरीवर बसले, डोक्याचा रुमाल काढून गुडघ्यावर ठेवला. मी सूप खाली ठेवलं. ते म्हणाले, "मले वास येत नाही, बाई. पडलो तवापासून काहीच येत नाही. आंबट समजते, खारट समजते. बाकी सगळं पाणी."

मी विचारलं, दवाखान्यात सांगितलं होतं का. सांगितलं होतं. परत येईल, नाहीतर येणारही नाही, असं तिथले म्हणाले होते. घरी मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. कोथिंबीर हातावर चोळून पाहिली, म्हशीच्या गोठ्यात जाऊन उभे राहिले, पिंपाचं बूच काढून त्यात नाक घातलं, असं त्यांनी एकेक सांगितलं. सांगताना आवाज नेहमीचाच होता, पण रुमालाची घडी ते पुन्हा पुन्हा घालत होते.

"तू सांगू नको कोणाले," ते म्हणाले. "तुझ्या सासूलेही नाही. तिले वाटेल, म्हातारा निकामी झाला."

मी हो म्हटलं. आणि त्यानंतर दुपारच्या वेळी, घरातली सगळी आडवी झाल्यावर, मी मामाजींसाठी वास घ्यायला लागले.

सोपं नव्हतं. मी म्हणायची, छान आहे. ते म्हणायचे, छान म्हणजे काय, कशासारखा आहे ते सांग. मला शब्द सापडायचे नाहीत. ते मग मला एकेका गोष्टीचा वास घ्यायला लावायचे. बोडी आटत आली की तळाचा गाळ तडकतो, त्याचा. ओल्या तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा. लिहायच्या पाटीवर पाणी ओतल्यावर येतो त्याचा. बरडीवरचा मुरूम मुठीत घेऊन त्यावर फुंकर मारायला लावली आणि विचारलं, हा आहे का त्यात? मला हसू आलं, सिरक्यात मुरूम कुठून येणार. पण घरी येऊन बरडीची बरणी उघडली तर खरंच त्यात उन्हात तापलेल्या दगडासारखं काहीतरी होतं. मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, पाळीवरच्या झाडाला पाणी आयतं मिळतं, ते फळ पाण्याने फुगवतं. बरडीवरच्याला मुळं खडकाच्या भेगांतून खाली न्यावी लागतात, थोडं मिळतं ते सगळं ते फळात भरतं. इतकी वर्षं ते हे वासाने जाणत होते. आता मी सांगत होते आणि ते आठवत होते.

एक गोष्ट मात्र मला त्यांच्यापेक्षा वेगळी वाटली. पिंप आल्यापासून ते दोन्हीकडचा सिरका आलटून पालटून त्यात ठेवत. बरडीचा त्यातून सुधारून निघायचा. पण पाळीचा पिंपातून निघाला की त्यात पाळीचं काही उरायचं नाही, नुसतं लाकूड लागायचं. तो गाळाचा, कमळाच्या देठासारखा थंड वास मला बरणीतच आवडायचा. हे सांगायला मला दोन महिने लागले. सांगितलं तेव्हा मामाजी नाराज झाले.

"लाकूड काहून झाकेल रसाले? इतके दिवस ठेवून राहिलो."

मी म्हटलं, बरडीचा रस जाड आहे, तो लाकडाला पुरून उरतो. पाळीचा नाही उरत. त्या वर्षी त्यांनी पाळीचा अर्धाच सिरका पिंपात टाकला, अर्धा बरणीत राहू दिला. पुढच्या वर्षी दोन्ही वाट्या माझ्यासमोर ठेवून ऐकून घेतलं, स्वतः जिभेवर घेऊन पाहिलं आणि म्हणाले, यापुढे पाळीचा मातीच्या बरणीतच ठेवायचा. पिंप फक्त बरडीला, आणि एक नाही, दोन वर्षं.

हे सगळं झाकून चाललं होतं. बाहेरच्यांना वाटायचं, मामाजीच चाखतात. ते वाट्या घ्यायचे, डोळे मिटायचे, आणि मी आधीच सांगितलेलं बोलायचे. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. आंधळ्या माणसाची काठी धरून त्याला चालवावं तसं ते होतं.

ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमारास ते भंडाऱ्याचे वैद्य एका सकाळी आले. सोबत दोन ओळखीचे होते, ओसरीवर माझा नवरा आणि शेजारचे चार जण बसले होते. वैद्यांनी पिशवीतून एक बाटली काढली. दुसरीकडून कुणीतरी त्यांना जांभळाचा सिरका म्हणून स्वस्तात देऊ केला होता. त्यांना शंका होती. म्हणाले, तुमच्यासारखी पारख कुणाला नाही, तुम्ही सांगाल ते खरं.

मी दाराआड चहा गाळत होते. माझे हात थांबले. ही बाटली मी आधी पाहिलेली नव्हती, काही सांगायला वाव नव्हता. मामाजींनी वाटी मागवली, मी ती दिली, आमची नजरानजर झाली. त्यांनी चमचाभर ओतून घेतलं. नाकाखाली धरलं नाही. जिभेवर घेतलं, गिळलं, आणि सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत असताना वाटी दाराकडे पुढे केली.

"सूनबाईले विचारा," ते म्हणाले. "आता चार वर्षांपासून तीच पाहते. माह्या नाकात काही राहिलं नाही."

माझा नवरा एकदा वडिलांकडे आणि एकदा दाराकडे पाहत राहिला. मी वाटी घेतली. वास घेतला, चाखलं. मग पदर सावरून दाराच्या बाहेर आले आणि वैद्यांना सांगितलं की यात जांभूळ आहे, पण थोडं. बाकी बाजारातलं ॲसिड असावं. नाकात एकदम झोंबतं आणि मागून काहीच येत नाही. रंगही झाडाची साल उकळून आणलेला दिसतो.

वैद्यांनी बाटलीचं बूच लावलं, पिशवीत ठेवली. त्यांनी मला माझं माहेर विचारलं. मग आमच्या बरण्या पाहायच्या म्हणाले, आणि त्या मी दाखवाव्या असं त्यांनी मामाजींना सांगितलं, परवानगी मागितल्यासारखं. मामाजी म्हणाले, दाखव.

त्या संध्याकाळी सासूबाई आणि मी चुलीजवळ वांगी चिरत होतो. मला भीती होती की त्या रागावल्या असतील, चार वर्षं आपल्यापासून लपवलं म्हणून. मी माफी मागायला सुरुवात केली. त्यांनी विळीवरून मान वर केली नाही.

"मले माहीत होतं," त्या म्हणाल्या. "एकदा भात पार करपला आणि ते जेवून उठले, काही बोलले नाही. तवापासून त्यायच्या भाजीत मी मिरची आणि चिंच जास्त टाकून राहिली. काहीतरी तर लागलं पाहिजे माणसाले."

मी विचारलं, मग बोललात का नाही. त्या म्हणाल्या, ते लपवत होते, तर आपण कायले उघडं पाडायचं. मग म्हणाल्या, तुम्ही दोघं दुपारी बसत होता तेव्हा मी झोपलेली नसायची. पोरींना बाहेर येऊ देत नसे.

मला तेव्हा आठवलं की त्या चार वर्षांत दुपारच्या त्या वेळात एकदाही माझी मुलगी रडत माझ्याकडे आली नव्हती.

त्यानंतर मामाजी चार-साडेचार वर्षं जगले. वास परत आला नाही. पण झाकायचं काही उरलं नाही तसे ते मोकळे झाले, जेवताना सासूबाईंना सांगायचे, आज चिंच कमी आहे. उन्हाळ्यात सकाळी बरडीवर जाऊन बसायचे आणि झाडांच्या बुंध्याभोवती दगड रचायचे, का ते सांगायचे नाहीत. मला वाटतं, खोडांना गुरांनी घासू नये म्हणून. ते वारले तेव्हा हिवाळा होता, धान कापून झालं होतं, ताप आला आणि चौथ्या दिवशी गेले.

पुढच्या आषाढात सिरका करायचा की नाही यावर घरात बोलणं झालं. नवरा म्हणाला, यंदा राहू दे. पण दोन दिवसांनी सकाळी उठून पाहते तर सासूबाईंनी लाकडी परात काढून, धुऊन अंगणात ठेवली होती. त्या वर्षी बोडी नीट भरलेली नव्हती, पाळीची फळं थोडी आणि किडकी निघाली. बरडीची मात्र भरपूर आली, नेहमीपेक्षाही लहान. सात झाडांचा रस काढायला आम्हाला सहा दिवस लागले. पाळीचा काढलाच नाही. सासूबाई सत्तरीकडे आलेल्या, गुडघे दुखायचे, तरी परातीजवळ पाट घेऊन बसायच्या आणि एकही बी फुटू द्यायच्या नाहीत.